र असलेले महिने

आमच्या बेटावर एक नियम आहे, कुणी लिहून ठेवलेला नाही:
ज्या महिन्याच्या नावात र, त्या महिन्यात रोज सकाळी
एक चमचा कॉड माशाच्या यकृताचं तेल.
सप्टेंबर ते एप्रिल.
मे लागला की बाटली फ्रिजच्या मागच्या कप्प्यात,
उन्हाळाभर न मावळणारा सूर्यच पाजतो
काय पाजायचं ते.

संधिवाताच्या नावात र नाही.
तो महिने बघून येत नाही.

गुनवोर मात्र बघून येते, फेरीबोटीच्या वेळा,
दर पंधरवड्याला.
माझ्या औषधांच्या दुकानात काउंटरवर पिशवी उपडी करते:
मुलीनं ओस्लोहून पाठवलेल्या हळदीच्या कॅप्सूल,
सोनेरी लेबल, आत मिरीचा अर्क;
शेजारणीनं दिलेली हिरव्या शिंपल्यांची पूड;
ड जीवनसत्त्व;
आल्याचं काहीतरी, मुदत केव्हाच उलटलेलं.
"यातलं खरं कोण?" विचारते,
चोरांची ओळखपरेड लावल्यासारखी.

मी चष्मा पुसतो. तेवढाच वेळ मिळतो.
सांगतो, तेलानं काहींची सकाळची आखडण थोडी उतरते;
थोडी म्हणजे किती, ते माणसागणिक वेगळं.
हळदीवरून अजून भांडणं चालू आहेत.
शिंपल्यांचं मला खरंच माहीत नाही.
आल्याची डबी इकडे दे, टाकून देतो.
आणि बुधवारची गोळी चुकवू नकोस,
यातलं काहीही तिच्या जागी बसणार नाही.

"बुधवारची गोळी माझी सासू आहे," गुनवोर म्हणते,
"मान देते. प्रेमाचं विचारू नकोस."

मग उरते खरी अडचण:
कॅप्सूलच्या डबीचं झाकण.
दाबायचं आणि दाबतच फिरवायचं,
लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून.
घरी ते उघडून देतो
तिचा सात वर्षांचा नातू, श्यूर.

फेब्रुवारीत बोटी पाण्यात दबून येतात.
धक्क्यावरच्या शेडमध्ये मुलं कॉडच्या जिभा कापतात:
डोकं खिळ्यावर, एक झटका, जीभ बादलीत.
पैसे मुलांचे, त्यात घरच्यांनी हात घालायचा नाही.
गुनवोरची पहिली सायकल ह्याच खिळ्यावरून आली,
लाल, ब्रेक नसलेली.
ती बघत उभी, हात कोटाच्या खिशात.
"जिभेला हाड नसतं," म्हणाली,
"म्हणून तिला संधिवात होत नाही."
मी हसलो. मुलं हसली नाहीत,
ती बादलीतला आकडा चुकू देत नव्हती.

मग तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला.
बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी, फुटेल तिकडे फुटलेली.
श्यूरच्या हातून सुरी घेतली, कुणाला न विचारता.
पहिली जीभ.
दुसरी, पहिलीहून सफाईदार.
तिसरीला तिचा खांदा मदतीला आला, कंबर आली,
अकरा वर्षांची एक पोर कुठूनशी आली.
चौथ्या वेळी डोकं खिळ्यावरून निसटलं
आणि ओल्या फरशीवर माझ्या बुटापर्यंत घसरत आलं,
तोंड उघडं, जीभ जागच्या जागी.

तिनं सुरी परत दिली, मूठ पुढे करून,
द्यायची रीत असते तशी.

दुसऱ्या दिवशी बिनपिशवीची आली.
मनगट सुजलेलं, चेहरा नाही.
"कालच्या तीन जिभा कुणाच्या खात्यावर मांडू?
तेलाच्या, हळदीच्या, की सासूच्या?"
मी म्हणालो, आधी चौथी कुणाची ते सांग.
"चौथी माझी," ती म्हणाली. "तिचा हिशोब नको."

खिशातून डबी काढून काउंटरवर ठेवली.
श्यूर शाळेत होता.
मी दाबलं, फिरवलं, उघडलं,
आणि झाकण नुसतं वर टेकवून दिलं.